बारातले अकरा कागद

वजनकाट्यानं तिच्या कागदावर बोट ठेवलं आणि विचारलं, "वजन कुठंय?"

धाकटीनं पेन्सिल खाली ठेवली. सहा आठवड्यांत हा तिचा सहावा प्राणी होता, आणि या प्रश्नाला देण्यासारखी सगळी उत्तरं तिची देऊन झाली होती.

वजनकाटा हे सरांचं वर्गातलं नाव. पन्नाशीचा काटकुळा माणूस, कधी आवाज चढवायचा नाही. चित्रातल्या प्राण्याचा भार कुठल्या पायावर आहे ते सांगता आलं नाही, की कागद हलकेच बाजूला सारायचा आणि पुढच्या टेबलाकडे जायचा. रागावला असता तरी परवडलं असतं.

सिनेमा किंवा व्हिडिओ गेम बनायच्या आधी त्यातली माणसं, घरं, जनावरं कुणीतरी कागदावर ठरवून द्यावी लागतात. त्या कामाला कॉन्सेप्ट आर्ट म्हणतात. धाकटी त्याच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि या सत्रात त्यांना क्रीचर डिझाइन होतं, म्हणजे जगात नसलेला, पण असता तर चालला-फिरला असता असा एक प्राणी घडवायचा. सरांनी चिठ्ठ्या टाकल्या होत्या. धाकटीच्या चिठ्ठीत आलं होतं, 'डोंगराळ मुलखात ओझं वाहणारा.' बारा कागद द्यायचे होते: नुसती काळी छायाकृती, सांगाडा, स्नायू, कातडी, डोकं, पाय, चाल, वळण, चढ-उतार, शेजारी उभा माणूस, विश्रांती आणि शेवटी रंगीत चित्र.

"शिंगं छान आहेत," सर म्हणाले. "पण हे जनावर जमिनीवर उभं नाही, कागदावर चिकटलंय. याच्या पाठीवर तू चार मण सामान लादलंयस आणि याला त्याचा पत्ताच नाही."

सर पुढच्या टेबलाकडे वळले. तिथं एक उंच, केस वाढवलेला मुलगा बसायचा. त्याला सगळे ड्रॅगन म्हणायचे, कारण चिठ्ठीत काहीही आलं तरी त्याच्या हातून ड्रॅगनच निघायचा. या वेळी त्याला 'दलदलीत राहणारा, गवत खाणारा' असं आलं होतं.

"हा काय प्रकार आहे?" सरांनी विचारलं.

"शाकाहारी ड्रॅगन आहे सर."

"मग तोंडातून आग कशाला?"

"पचन बिघडलंय त्याचं."

सगळा वर्ग हसला, सरसुद्धा हसले. धाकटीला हसूही आलं नाही. तिनं कागद गुंडाळला, चित्रं काढून काढून दुखणाऱ्या मनगटाला बांधलेली पट्टी सैल करून पुन्हा आवळली आणि घरी निघाली.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, मधे दार. पुढच्या खोलीत खिडकीशी आईची शिलाई मशीन, समोर सोफा, कोपऱ्यात धाकटीचं टेबल. आई पडदे आणि उशांचे अभ्रे शिवून द्यायची. आणि ताई शहराची बस चालवायची. वडील गेले तेव्हा धाकटी शाळेत होती आणि ताई बावीस वर्षांची. तेव्हापासून म्हणजे बारा वर्षं ताई त्या स्टिअरिंगमागे होती.

ताईची ड्युटी दोन तुकड्यांत असायची. पहाटे साडेपाच ते साडेअकरा, मग संध्याकाळी सव्वाचारपासून पुन्हा. मधल्या वेळात ती घरी यायची. जिना चढताना तिचा आवाज ओळखू यायचा, कारण डावा पाय ती उचलायच्या आधी क्षणभर थांबायची. घरात आली की बूट काढायची, पाणी प्यायची आणि पुढच्या खोलीत फरशीवर चटई टाकून आडवी व्हायची, दोन्ही पाय वर सोफ्यावर. पाठीला तेवढंच बरं वाटतं म्हणायची. दोन मिनिटांत झोप.

त्या दिवशी धाकटी घरी आली तेव्हा ताई अशीच झोपलेली होती. आई दोरा आणायला बाजारात गेली होती. धाकटी टेबलाशी बसली. समोर कोरा कागद होता आणि डोक्यात काही म्हणजे काही नव्हतं. हात रिकामा राहू नये म्हणून ती समोर दिसेल ते काढू लागली. समोर ताई होती.

आधी डावी पोटरी काढली. ती उजवीपेक्षा जाड होती, हे धाकटीनं इतक्या वर्षांत कधी बघितलंच नव्हतं. दिवसभर क्लच दाबून दाबून झालेली. मग हात. झोपेतही ताईची बोटं अर्धवट वळलेली होती, जणू त्यांत अजून स्टिअरिंग होतं. मान पुढं आलेली, खांद्यांत रुतलेली. तोंड उघडं. धाकटी काढत गेली. बाजूला बाण काढून टिपा लिहीत गेली. मग तिनं दुसरा कागद घेतला आणि तीच मान, तोच खांदा एका चार पायांच्या जनावराला दिला. जनावर प्रथमच जमिनीवर बसलं. त्याचं पोट जमिनीला टेकलं होतं, हे बघणाऱ्याला कळत होतं.

पुढच्या आठवड्यात वजनकाटा तिच्या टेबलाशी आला. खुर्ची ओढून बसला. बराच वेळ बघत राहिला.

"हा थकलाय," तो शेवटी म्हणाला. "आणि याला नेमकं कुठं दुखतं ते तुला माहितीये."

"हो सर."

"असाच पुढं ने."

एवढंच. पण तिसऱ्या वर्षात सरांनी कुणाच्या कागदावर बोट ठेवलं नाही असं प्रथमच घडलं होतं. ड्रॅगननं टेबलाखालून तिच्याशी हात मिळवला. आनंद झाला, पण तो अंगात उतरायला जागा नव्हती. तिला नुसती झोप येत होती.

मग तिनं एक जाड वही घेतली. रोज दुपारी ताई झोपली की वही काढायची. तीन आठवड्यांत साठेक पानं भरली. पुढच्या पानांवर ताई, मागच्या पानांवर जनावर, आणि मधे अशी काही पानं जिथं एकीचं दुसऱ्यात रूपांतर होत होतं: पाय माणसाचे, डोकं शिंगांचं. ताईला सांगावं असं तिच्या मनात एकदोनदा आलं. पण ताई जागी असायची तेव्हा घाईत असायची, आणि घाईत नसायची तेव्हा झोपलेली असायची. राहून गेलं. खरं तर सांगितलं असतं तर ताई अवघडून झोपली असती आणि चित्र बिघडलं असतं, हेही धाकटीला आतून ठाऊक होतं.

ताईला ते कळलं अगदी साध्या कारणानं. तिला रजेचा अर्ज लिहायचा होता आणि घरात कोरा कागद सापडेना. धाकटी अजून कॉलेजातून आली नव्हती. ताईनं टेबलावरची जाड वही उचलली, शेवटचं कोरं पान फाडावं म्हणून उघडली.

तिनं पान फाडलं नाही. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळी वही बघितली, होती तशी ठेवली आणि आईला म्हणाली, "उद्यापासून मी दुपारी डेपोतच थांबेन. दगदग होते येण्याजाण्याची."

धाकटीला वाटलं, खरंच दगदग होत असेल. दुसऱ्या दिवशीही ताई आली नाही. तिसऱ्या दिवशी आई मशीनवरून मान न उचलता म्हणाली, "तिथं पंखा चांगला आहे म्हणे. बारा वर्षांत पंखा आजच चांगला झाला! तू काही बोललीस का गं तिला?"

"मी कशाला बोलू?"

"मग कोण बोललं? मी तर दिवसभर या मशीनशीच बोलते."

चौथ्या दिवशी धाकटी डेपोत गेली. बायकांच्या विश्रांतीच्या खोलीत तीन बाकं होती. दोघी तिघी जणी डबे उघडून गप्पा मारत होत्या. पंखा टकटक वाजत होता. ताई कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून, हाताची घडी घालून ताठ बसली होती. जागी. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

धाकटीला बघून ती उठली आणि बाहेर गेली. तिची बस शेडमध्ये उभी होती. दोघी आत चढल्या. ताई आपल्या जागेवर बसली आणि धाकटी मागच्या सीटवर. रिकाम्या बसमध्ये रबर आणि घामाचा वास होता.

"घरी का येत नाहीस?"

"इथं बरं पडतं."

"ताई."

ताईनं आरशात तिच्याकडे बघितलं. "वही बघितली तुझी. अर्जाला कागद हवा होता."

धाकटीनं समोरचा दांडा धरला.

"हात छान बसलाय तुझा," ताई म्हणाली. "खरंच. माझं तोंड एवढं उघडं असतं?"

"ते तू दमलेली असतेस म्हणून…"

"'खालचा ओठ लोंबतो.' असं लिहिलंयस. बाण काढून."

"ते प्राण्यासाठी होतं गं."

"हो ना. तेच म्हणतेय मी."

बाहेर कुणीतरी बस धूत होतं. पाण्याचा फवारा पत्र्यावर आदळत होता. तो थांबला.

"मी तुझी चेष्टा केली नाही," धाकटी म्हणाली.

"माहितीये. चेष्टा केली असतीस तर दोन शिव्या घातल्या असत्या आणि विषय संपला असता. तू चेष्टा केली नाहीस. तू नीट बघितलंस." ताईनं स्टिअरिंगवर हात ठेवले, मग उचलून मांडीवर ठेवले. "झोपेत मी कशी दिसते ते मला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायचंही नव्हतं. दिवसभर या आरशात पन्नास माणसं माझा चेहरा बघतात. उशीर झाला तर माझ्याकडे बघून च्यक च्यक करतात. आंघोळ आणि झोप, दोनच वेळा कुणी बघत नाही मला. त्यातली एक आता गेली. डोळे मिटले की वाटतं, तोंड उघडलं असेल."

धाकटी रडायला लागली.

"आता रडू नकोस हं. तेही सांभाळायची ताकद नाही माझ्यात."

धाकटीनं ओढणीनं नाक पुसलं. "मी सगळं मागे घेते. नाही देत ते कागद."

"तुझं तू बघ. मी काही सांगणार नाही. मला सव्वाचारला गाडी काढायचीये."

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी सरांच्या खोलीत गेली आणि सगळं सांगून टाकलं. सर ऐकत असताना पेन्सिलीला टोक करत होते. टोक झालं तरी करत राहिले.

"विचारलं होतंस तिला?"

"नाही."

"मी पण एकदा विचारलं नव्हतं," सर म्हणाले. "तरुण होतो. चित्र चांगलं झालं, अजूनही चांगलंच आहे. पण त्या घरी मी आता जात नाही." त्यांनी टोकाकडे बघितलं आणि पेन्सिल ठेवून दिली. "यावर माझ्याकडे उपाय नाही. तारीख मात्र पुढं ढकलता येणार नाही. बारा दिवस आहेत."

"नवीन काढू?"

"जमेल?"

"नाही."

"मग ते तरी खरं बोललीस," सर म्हणाले, आणि पुढच्या मुलाला आत बोलावलं.

रात्री ताई परत आली तेव्हा धाकटीनं वही तिच्या हातात दिली. "ही तुझी. फाड, ठेव, काय वाटेल ते कर. मोबाईलमध्ये फोटोबिटो काही ठेवलेले नाहीत."

ताईनं वही घेतली, आतल्या खोलीतल्या कपाटात आपल्या कपड्यांखाली सरकवली आणि जेवायला बसली. जेवता जेवता विचारलं, "मग कॉलेजात काय देणार?"

"बघू."

"बघू म्हणजे?"

"म्हणजे माहीत नाही."

"बरं," ताई म्हणाली. आईनं दोघींकडे आळीपाळीनं बघितलं आणि वाढत राहिली.

पहाटे पावणेपाचला कुणीतरी धाकटीच्या पायाला हात लावला. ताई युनिफॉर्म घालून उभी होती.

"चल उठ. बघायचंच असेल तर काम करताना बघ. वही घे तुझी, दुसरी. आणि दात घास आधी."

त्या दिवशी धाकटी ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या सीटवर बसली. इथून ताईचा उजवा खांदा, मान, अर्धा चेहरा आणि आरसा दिसायचा. पहिली फेरी तिनं नुसतीच बघितली. ताईला बस चालवताना तिनं कधी पाहिलंच नव्हतं. बसमध्ये खूपदा बसली होती, पण ती फोनमध्ये डोकं घालून.

तिला वाटलं होतं, ताकदीचं काम असेल. ते तसं दिसेना. ताई ब्रेक दाबतच नव्हती म्हटलं तरी चाललं असतं. पुढचा सिग्नल लाल होणार हे तिला दोनशे पावलं आधीच कळायचं आणि बस आपोआप मंदावल्यासारखी थांबायची. एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत चढले. ते सीटवर नीट बसून काठी पायांमध्ये धरेपर्यंत ताई हलली नाही. मागून हॉर्न वाजले, तरी नाही. पुलाचा चढ यायच्या आधी तिनं श्वास घेतला आणि गिअर बदलला, दोन्ही एकदम. बस चढली तशी ती पुढं झुकली, जणू तिनंही थोडी ओढली.

शेवटच्या थांब्यावर सात मिनिटं मिळायची. ताई बाटलीतलं पाणी प्यायली आणि मागं वळून तिनं हात पुढं केला. "दाखव."

धाकटीनं दाखवलं. जनावर उभं होतं, पाठीवर गाठोडी. ताईनं कागद स्टिअरिंगवर ठेवला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ओझं एवढं मागं का बांधलंस?"

"मागं जागा होती."

"जागा होती म्हणे! चढावर सगळं मागं ओढेल. पुढचे पाय उचलतील याचे. थोडं पुढं घे, खांद्यांवर." तिनं बोटानं दाखवलं. "आणि हा वळणार कसा?"

"वळेल की."

"एवढा लांब? डोंगराचा रस्ता ना याचा? अरुंद?"

"हो."

"मग पुढचे पाय जातील रस्त्यानं आणि मागचे जातील दरीत."

धाकटी हसली. ताईसुद्धा हसली, पण लगेच गंभीर झाली, कारण हा तिचा विषय होता. "हे बघ. लांब गाडी वळते ना, तेव्हा मागची चाकं पुढच्यांच्या मागून जात नाहीत. आतून कापतात. म्हणून आधी बाहेर जायचं. लोकांना वाटतं ड्रायव्हर समोरच्या भिंतीवर घालतोय. मग वळायचं, आणि मागचं चाक कोपऱ्याच्या पुढं गेल्याचं दिसेपर्यंत सरळ करायचं नाही. ते दिसलं पाहिजे. दिसलं नाही की गेलं." तिनं धाकटीच्या हातातली पेन्सिल घेतली आणि कागदाच्या कोपऱ्यात एक वेडंवाकडं वळण काढलं, त्यावर एक लांबट डबा तीनदा, वेगवेगळ्या जागी. "नवीन ड्रायव्हर इथंच गाडी घासतात."

"म्हणजे डोंगर आतल्या बाजूला असेल तर हा आधी दरीकडे जाईल?"

"जावंच लागेल. डोकं दरीवर लोंबेल त्याचं. तेव्हा घाबरला तर संपलं. आणि मागचा पाय बघायला आरसा पाहिजे."

"प्राण्याला आरसा कुठून आणू?"

"मग डोळे बाजूला दे. पार बाजूला, घोड्यासारखे नाही, त्याहूनही मागं. मान न वळवता त्याला स्वतःचा मागचा पाय दिसला पाहिजे." ताईनं घड्याळ बघितलं, कागद परत दिला आणि दार बंद करायचं बटण दाबलं. "बस नीट. निघाले मी."

पुढचे आठ दिवस धाकटी पहाटेच्या फेऱ्यांना जायची. साडेअकराला उतरून थेट कॉलेजात, संध्याकाळी घरी येऊन स्वच्छ कागदावर. मनगट इतकं दुखायचं की डब्याचं झाकण ताईला उघडून द्यावं लागायचं. बसमध्ये ती काढायची आणि शेवटच्या थांब्यावर ताई तपासायची. ताईला चित्रातलं काही कळत नव्हतं आणि ती तसं सांगायची, पण जनावर चालेल की नाही हे तिला कळायचं. "याचा गुडघा महिनाभरात जाईल," असं ती म्हणायची आणि धाकटी खोडायची. एकदा तर शेजारच्या सीटवरची शाळकरी मुलगी वाकून म्हणाली, "याला शेपूट नाही का?" ताई आरशात बघून म्हणाली, "शेपूट आडवी आली असती, म्हणून काढून टाकली."

जनावर बदलत गेलं. शिंगं गेली. मान जाड राहिली, पण रुतलेली नाही, पुढं बघणारी. डोळे पार बाजूला गेले. आधीच्या प्राण्याकडे बघून दया यायची. याच्याकडे बघून वाटायचं, याला काम येतं. थकलेला मात्र होताच. ते काही गेलं नाही, आणि धाकटीनं घालवायचा प्रयत्नही केला नाही.

अकरा कागद झाले. राहिला एक, विश्रांतीचा. द्यायच्या आदल्या दिवशी दुपारी ताई घरी आली होती. ती आता पुन्हा घरी यायला लागली होती, पण आतल्या खोलीत दार लावून झोपायची. दार लावायच्या आधी धाकटीनं तिला गाठलं.

"एकच कागद राहिलाय. बसलेला प्राणी. त्या वहीतलं एखादं…"

"नाही."

"चेहरा अजिबात नसेल. नुसती पाठ."

"नाही म्हणाले ना."

"बरं."

दार लागलं. धाकटी टेबलाशी बसली. तिनं बसलेली गाय आठवून पाहिली, बसलेला कुत्रा, फोनवर उंटाचे फोटो काढून बघितले. पण हातातून जे यायचं ते तेच असायचं: अर्धवट वळलेली बोटं, सोफ्यावर टेकवल्यासारखे पाय, पुढं आलेली हनुवटी. चार पाय दिले तरी ती ताईच. तीन तासांत तिनं नऊ कागद काढले आणि नऊही बारीक फाडले. मग मशीनशी बसलेल्या आईला म्हणाली, "मला नाही येत."

"काय नाही येत?"

"दुसरं कुणी झोपलेलं काढता."

आईला काही कळलं नाही, पण तिनं मशीन थांबवलं आणि तिच्या हाताची पट्टी सोडून मनगट चोळून दिलं.

सरांनी कागद मोजले, एकेक उचलून.

"एक कमी आहे."

"हो सर. विश्रांतीचा."

त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. कारण विचारलं नाही. "गुण कापावे लागतील. बऱ्यापैकी."

"कापा."

मग ते वळणाच्या कागदाशी थांबले. अरुंद वाट, डोंगराची कपार, आणि एकच जनावर पाच जागी काढलेलं: आधी दरीकडे गेलेलं, मान पोकळीवर, मग वळताना, मग मागचा पाय कपारीशी घासून जाताना, आणि त्याचा तो बाजूचा डोळा त्या पायावर. सरांनी बोट ठेवलं, पण नुसतं वाट गिरवल्यासारखं फिरवलं.

"हे कुणी शिकवलं तुला? मी तर नाही."

"बहिणीनं. बस चालवते ती."

"मग खाली तिचं नाव घाल. छोट्या अक्षरात नको."

धाकटीनं तिथंच उभ्यानं पेन काढलं आणि आपल्या नावाशेजारी ताईचं नाव लिहिलं. सरांनी कागद बाकीच्यांवर ठेवला. "प्राणी चांगला आहे," ते म्हणाले. "अपुरा आहे, पण चांगला आहे."

निकाल तीन आठवड्यांनी लागला. धाकटी वर्गात चौदावी आली. ड्रॅगन नववा आला, शाकाहारी ड्रॅगनसकट, आणि त्याला इतका धक्का बसला की तो तिची माफी मागत राहिला. पहिल्या चारांना एका मोठ्या स्टुडिओत उन्हाळ्यात काम करायला मिळणार होतं. त्या चारांत आपण असू असं महिनाभरापूर्वी तिला वाटलं होतं. ती यादी वाचून झाल्यावर जिन्यात थोडा वेळ बसली आणि मग घरी गेली.

ताईची त्या दिवशी सुट्टी होती. ती पाय बादलीत गरम पाण्यात घालून बसली होती.

"किती?"

"चौदावी."

"का गं? एवढी मरमर केलीस."

"एक कागद दिला नाही."

ताईनं पाण्यात बोटं हलवली. आई आत भांडी लावत होती, तिचा आवाज येत होता.

"मी हो म्हणाले असते तर?"

"पहिल्या चारांत आले असते कदाचित."

"वाईट वाटतं?"

"वाटतं," धाकटी म्हणाली.

"मलाही वाटतं." ताईनं एक पाय बाहेर काढला. तो सुजलेला होता. मग दुसरा काढला आणि टॉवेलवर ठेवला. "पण पुन्हा विचारलंस तरी नाहीच म्हणेन मी."

"माहितीये."

"राग आहे का माझ्यावर?"

धाकटीनं खरं काय ते शोधून पाहिलं. राग थोडा होता. पण तो ताईवर होता की स्वतःवर, ते नीट कळण्याइतकीही तिच्यात शक्ती उरली नव्हती. "थोडा," ती म्हणाली.

"बरं," ताई म्हणाली. "माझाही थोडा आहे अजून."

धाकटीनं बादली उचलून मोरीत ओतली. परत आली तेव्हा ताईनं तिच्यासाठी सोफ्यावर जागा करून ठेवली होती. दोघी शेजारी शेजारी बसल्या. आईनं आतून विचारलं, जेवायला कधी वाढू, तर दोघी एकदमच म्हणाल्या, "थांब जरा."